भावकीत सगळीकडं जायलाच पाहिजे का?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३४. पुण्याच्या कंपनीतलं काम घरून करता येतं म्हणून दोन वर्षांपूर्वी बायकोसह कोल्हापुरात परत आलो. राजारामपुरीत भाड्यानं राहतो. आईवडील करवीर तालुक्यात गावी असतात, ऊस आणि तीन म्हशी. आल्यापासून दर आठवड्याला काहीतरी असतंच: साखरपुडा, लग्न, वास्तुशांत, जावळ, रक्षाविसर्जन. गेल्या महिन्यात वडिलांच्या चुलतभावाच्या रक्षाविसर्जनाला मी गेलो नाही, सकाळी ऑफिसची मीटिंग होती. तेव्हापासून वडील धड बोलत नाहीत. बायको म्हणते, जिथं मला कोणी ओळखत नाही तिथं जाऊन मी करू काय? ही बंधनं किती पाळायची? आणि दरवेळी समोरच्याचं मीच का समजून घ्यायचं? माझं कोण घेणार?"

आधी सरळ उत्तर देते. सगळीकडं जायची काही गरज नाही. पण जे ठिकाण तुम्ही चुकवलंत ते चुकवण्यातलं नव्हतं. आणि नाइलाज होता असं धरलं, तरी ते वडिलांच्या कानावर ज्या तऱ्हेनं गेलं ती तऱ्हा बिघडली असणार. तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाज करते: आदल्या रात्री बोलणं झालं नसेल, सकाळी आठाच्या सुमारास 'मीटिंग आहे, जमत नाही' असा मेसेज गेला असेल. तसं नसेल तर हे सोडून द्या.

कौटुंबिक वादांत समुपदेशन हे माझं काम. अर्जात वेगळंच लिहिलेलं असतं, वाटणी, पैसा, नांदायला न येणं. तास-दीड तास बोलत बसलं की तळातून निघतं, "माझ्या बापाच्या मातीला ह्यांच्यातलं कोण आलं नव्हतं." लग्नाला आले नाहीत म्हणून तुटलेली घरं मी फार पाहिलेली नाहीत. रुसवा धरतात, पुढच्या कार्यात निघून जातो. मातीला आले नाहीत म्हणून तुटलेली मात्र पुष्कळ. सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये, असं जुनी माणसं म्हणतात. किती पाळायचं याचा विचार करताना हे पहिलं धरा, बाकीचं सगळं त्याच्यामागून.

रक्षाविसर्जनाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्यात राहून आलेल्या मंडळींना त्याचं इथलं वजन लवकर ध्यानात येत नाही. दहावा, तेरावा घरापुरता, जवळच्यांपुरता होतो. गावाची आणि भावकीची खरी हजेरी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळच्या रक्षाविसर्जनाला. पेपरात निधनाच्या बातमीखाली शेवटची ओळ तीच असते, अमुक वारी सकाळी नऊ वाजता. माणसं पायताण बाजूला काढून उभी राहतात, कोणीतरी गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं, हात जोडतात आणि पांगतात. तासाच्या आत सगळं उरकतं. त्या तासात कोण आलं होतं हे कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. कोण आलं नव्हतं ते राहतं.

आणि त्या तासात तुमच्या वडिलांना एकच प्रश्न दहा जणांनी विचारला असणार. "पोरगं कुठं हाय? इथंच असतंय न्हवं आता?" तुम्ही पुण्यात होतात तोवर उत्तर सोपं होतं, पुण्याला असतो. आता तुम्ही पंधरा किलोमीटरवर राजारामपुरीत. काय सांगितलं असेल त्यांनी? बहुधा तब्येतीचं काहीतरी. मयताच्या जागेवर उभं राहून मुलासाठी खोटं बोलावं लागणं, हे त्या पिढीच्या माणसाला जड जातं. तुम्ही गेला नाहीत याच्यापेक्षा त्यांना याचा राग जास्त असू शकतो. हाही अंदाजच. खरं काय ते त्यांनाच विचारायला लागेल, आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग याच विचारण्याबद्दल आहे.

'स्वतःला वडिलांच्या जागी ठेवून बघा' हा सल्ला तुम्हाला आत्तापर्यंत कोणी ना कोणी दिलाच असेल. मी तो देत नाही. त्यांच्या जागी जाऊन बसलात तरी तिथं तुम्हीच बसलेले असता, तुमचा पगार, तुमचं कॅलेंडर आणि तुमची चिडचिड घेऊन. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या तीन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये यावरच्या २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरच्याच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करायला सांगितल्यावर लोकांचे त्याच्याबद्दलचे अंदाज अचूक झाले नाहीत. सहभागी झालेल्यांत एकत्र राहणारी जोडपीही होती. अचूकता वाढली ती समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्यालाच विचारून. शोध म्हणून हे साधं वाटेल, पण आपल्या घरांत नेमकं विचारणंच कमीपणाचं मानतात. "एवढं कळायला नको?" हे वाक्य माझ्यासमोर इतक्या वेळा येतं की त्याच्यावर वेगळा कागद ठेवावा.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये एवढं बदलून. थोरल्या भावानं बंगला बांधला. वास्तुशांतीला धाकटी बहीण आली नाही. काही वर्षांपूर्वी तिनं शेतीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. घरातल्या प्रत्येकानं निष्कर्ष काढला की तिला आता त्याचा पस्तावा होतो आहे, बंगला बघवत नाही. भाऊ दुखावला, त्यानं पुढच्या भाऊबिजेला जाणं टाळलं. त्यावरून बहिणीनं निष्कर्ष काढला की जमीन मिळाली, आता बहिणीचं काम संपलं. दोन्हीकडच्या पोरांची लग्नं एकमेकांशिवाय झाली. माझ्याकडं प्रकरण आलं ते आईच्या औषधपाण्याच्या खर्चावरून. बोलता बोलता बहिणीला विचारलं, त्या दिवशी घरी काय चाललं होतं? नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. भावाच्या घराला बहिणीनं काय न्यायचं? पितळी समई, भावजयीला साडी, पोरांना कपडे. हातात काहीच नव्हतं. भाऊ म्हणाला, "पत्रिकेवर छापलं होतं की, आहेर आणू नये." पत्रिकेवरचा तो मजकूर बाहेरच्यांना असतो. सख्ख्या बहिणीनं मोकळ्या हातानं जायचं, भावजयीच्या माहेरच्या बायकांसमोर? भावाला हे खरोखरच माहीत नव्हतं. त्याच्या घरात आहेराचं कायम बायकोनं बघितलेलं.

दोघंही वाईट नव्हती. दोघांनीही समोरच्याचा विचार केला होता, चांगला भरपूर केला होता, रात्री जागून. फक्त विचारलं नव्हतं.

आता तुमच्या वडिलांना कसं विचारायचं. समोर बसवून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारू नका. त्या वयाचा शेतकरी माणूस म्हणेल, "काय वाटायचंय? वाटून काय उपयोग?" आणि विषय संपेल. भावनेबद्दल न विचारता घडलेल्याबद्दल विचारा. "त्यांचं नि आपलं येणंजाणं कसं होतं ओ? आपला आजा गेला तवा ते आलते काय?" आणि समोरासमोर बसून नको. धारेच्या वेळी गोठ्यात, डेअरीला दूध घालायला जाताना गाडीवर, पाणी पाजताना बांधावर. हातात काम आणि नजर दुसरीकडं असली की माणसं बोलतात. खोलीत समोर खुर्ची टाकून जे अर्ध्या तासात निघत नाही, ते बाहेर व्हरांड्यात शेजारी उभं राहिलं की पाच मिनिटांत निघतं, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

काय ऐकायला मिळेल ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्या घरांत जे ऐकलं ते सांगते. पैऱ्याचं ऐकलं. रोपलावणीला आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण कोण कुणाच्यात किती दिवस राबला याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चोख. विहिरीवरच्या नाहीतर पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीचं ऐकलं. रात्री दोनला आलेली पाळी, घरात कोणी आजारी, आणि चुलतभावानं स्वतःच्या पोराला पाठवून ऊस भिजवून दिलेला. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या आवारात चादर अंथरून काढलेल्या रात्रींचं ऐकलं. सेवा सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाचं ऐकलं.

आणि पुराचं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत माणसं घर सोडायला तयार नव्हती ती दावणीच्या जनावरांपायी. शेवटी ज्यांची जनावरं वाचली त्यातल्या कितीतरी जणांनी ती उंचावरच्या गावात, पाहुण्याच्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या गोठ्यात नेऊन बांधली होती. पाणी उतरेपर्यंत वैरण त्याची, शेणघाण त्यानंच काढायची. २०२१ ला परत तेच. आता त्या माणसाच्या रक्षाविसर्जनाला न जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. तुमच्या घराचं गेलेल्या काकांशी असंच काही होतं असा माझा दावा नाही. पण वडिलांच्या डोक्यात प्रत्येक नावासमोर अशी एखादी गोष्ट लिहिलेली आहे आणि तुमच्या डोक्यात फक्त नाव. ती गोष्ट त्यांनी तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण तुम्हाला ती माहीत आहे असं ते धरून चालले. चूक तुमच्या एकट्याची नाही ती इथं.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नात, 'माझं कोण समजून घेणार' यात, मला तथ्य दिसतं. वडिलांनाही तुमचं माहीत नाही. त्यांनी पाहिलेली मीटिंग दूध संस्थेची किंवा सोसायटीची: वहीत सही करायची, चहा प्यायचा, काम असलं तर मधेच उठायचं. त्यात तुम्ही घरीच असता, लॅपटॉपसमोर, बायको आत चहा करते आहे. घरी बसलेल्या माणसाला तासभर येता आलं नाही, हे कुठल्या तोंडानं चारचौघांत सांगायचं? आता गंमत बघा. तुमच्या गावातला एखादा पोरगा शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीवर असेल, तो आला नाही तर कोणी शब्द काढत नाही. "फस्ट शिफ्ट हाय त्याला, खाडा पडतोय." शिफ्ट आणि खाडा गावाला कैक वर्षांपासून कळतो. घरून काम ही गोष्ट अजून कळलेली नाही, इतकंच.

तेव्हा एक दिवस वडिलांना राजारामपुरीत बोलवा आणि मीटिंग चालू असताना शेजारी बसवा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, पण तुमचं नाव घेऊन कोणी तरी प्रश्न विचारतंय आणि तुम्हाला उठता येत नाही हे दिसेल. मग वेळ सांगा, कारण सांगत बसू नका. "नऊ ते अकरा माझी शिफ्ट असते, त्यात उठलो की खाडा. आठला येऊन परत जाईन, नाहीतर अकरानंतर." त्यांना हे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. भावकीत तुमची बाजू मांडणारे वकील तेच आहेत आणि तुम्ही त्यांना मोकळ्या हातानं उभं केलंत.

आता तुमच्या बायकोचं. तुमच्या पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे, माझ्या दृष्टीनं अर्धा प्रश्न तिथंच आहे.

घरात ज्याचं स्थान खालचं, त्याला वरच्यांचं सगळं माहीत असतं. सासऱ्यांच्या चहात साखर किती, जाऊबाईंचं बिनसलं की त्या भांडी कशी ठेवतात, नवऱ्याला कुठल्या फोननंतर बोलायचं नाही, हे सुनेला पाठ असतं. तिला ते पाठ करावंच लागतं, त्यावर तिचा दिवस अवलंबून असतो. वरच्यांना खालच्याचं माहीत नसलं तरी काही अडत नाही, म्हणून ते माहीत नसतं. जोडपी समोर आली की मी एक गोष्ट करायला लावते: जोडीदाराचा कालचा दिवस सकाळपासून सांगा. बायका नवऱ्याचा दिवस, मध्ये कुठं पान खाल्लं इथपर्यंत सांगतात. नवरे "सकाळचं घरातलं, मग तिचं ऑफिस, मग परत घरातलं" इथं थांबतात. अपवाद असतात, थोडे. तुम्ही आज रात्री हे करून बघा, मोठ्यानं, तिच्यासमोर.

'मीच का समजून घ्यायचं' हा प्रश्न तुम्ही वडिलांच्या दिशेनं विचारता आहात. तो कदाचित तुमच्याही दिशेनं येत असेल, तुम्हाला ऐकू गेला नसेल.

"मला कोणी ओळखत नाही तिथं जाऊन करू काय" हा नकार समजू नका. तिथं तिचं काय होतं ते विचारा. इतर सुनांकडून मी जे ऐकते ते असं. कार्यालयात शिरल्या शिरल्या तुम्ही चुलत-मावस भावांच्या घोळक्यात जाता. ती बायकांच्यात जाते. "ह्या कुणाच्या?" अशी सुरुवात होते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला गाडी येते, "अजून काय न्हाई काय?" लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या बाईला एका दुपारी हे पाच ठिकाणी ऐकायला लागतं. नाहीतर गावची यात्रा. पाहुण्यारावळ्यांना मटणाचं जेवण, तुम्ही पहिल्या पंगतीला तांबडा-पांढरा वरपताय आणि ती चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, जेवायला बसते ती चार वाजता, रस्सा तळाला गेल्यावर. त्या जेवणाला तुम्ही पाहुणे असता. ती तिथं कामाला असते. तुम्हा दोघांना एकच निमंत्रण आलेलं असलं तरी एकाच ठिकाणी गेलेलात असं म्हणता येत नाही.

हे तिचं कारण असेलच असं नाही. विचारा. आणि विचारताना एक आणखी: तिच्या माहेरच्या किती मयतींना, किती जावळांना तुम्ही गेलात? तुमच्या भावकीची बंधनं दोघांची आणि तिच्या माहेरची फक्त तिची, असं असेल तर तिच्या नकाराचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

व्यवहाराचं आता. आपल्याकडं बरीचशी बंधनं माणसावर नसतात, घरावर असतात. 'घरटी एक' हा जुना हिशेब अजून चालतो आणि तुम्ही त्याचा उपयोग करून घेत नाही. चौघांनीही सगळीकडं जायचं असं कोणी सांगितलेलं नाही. आईवडिलांसोबत एक संध्याकाळ आहेराची वही घेऊन बसा. प्रत्येक कार्याला ती निघते, कोणी काय आणलं, किती घातले, ते त्यात असतं. नावं वाचत जा. कुठं चौघांनी जायचं, कुठं घरटी एक पुरे, कुठं पाकीट पाठवलं तरी भागतं, हे वडिलांच्या तोंडून ठरू दे. वाद होईल चार-पाच नावांवर. त्या चार-पाच नावांमागच्या गोष्टी ऐकणं हाच त्या संध्याकाळचा खरा उपयोग. मुलगा वही मागतो आहे याचंच त्यांना बरं वाटेल, हे वेगळं सांगायला नको.

नाही म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी, स्वतः, फोनवर. बायकोकडून किंवा आईकडून निरोप देऊ नका. नकार दुसऱ्याच्या तोंडून गेला की सांगणारा वाईट होतो, आणि आपल्या घरात तो सांगणारा बहुतेक वेळा बाईच असते. लग्न चुकलं तर आठ-पंधरा दिवसांत घरी जाऊन या. कार्यालयातल्या हजार माणसांच्या गर्दीत तुम्ही अक्षता टाकल्या काय न टाकल्या काय, कोणाला दिसत नाही. नंतर घरी गेलात तर चहा होतो, अल्बम दाखवतात, बोलणं होतं. मला विचाराल तर हे पहिल्यापेक्षा बरं, पण वडिलांसमोर ही तुलना करू नका.

गेलेल्या काकांच्या घरी मात्र आता जा, महिना झाला असला तरी. एकटे जा. वडिलांना बरोबर चला म्हणू नका आणि जाऊन आलो म्हणून सांगूही नका. अर्धा तास बसा, काकूंना काकांबद्दल बोलू द्या, तुमच्या मीटिंगचा विषय तिथं अजिबात काढू नका. सांत्वनाला गेलेल्यानं स्वतःची अडचण सांगायची नसते, ती ऐकून घेण्याचं ओझं उलट त्यांच्यावर पडतं. संध्याकाळी वडील दूध घालायला जातील तेव्हा डेअरीच्या दारात त्यांना कळेलच.

'लोक काय म्हणतील' याबद्दल थोडं. मी भावकीतल्या माणसांना एकेकटं भेटते, हा माझ्या कामाचा फायदा. एकेकटा प्रत्येक जण म्हणतो, "माझं काही नाही ओ, पण लोकांच्यात बरं दिसत नाही." ते लोक कोण, हे शोधायला गेलं की ज्यांच्याशी मी कालपरवा बोलले तेच असतात. एकेकट्याचं मत एक आणि सगळ्यांनी मिळून पाळायचं मत दुसरं, अशी स्थिती वर्षानुवर्षं टिकते, कारण पहिलं कोणी बोलायचं हे ठरत नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी सरकारनं लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा घातली. किती घरांनी हायसं वाटल्याचं मला सांगितलं, आणि पाठोपाठ, "तुम्ही कुणाला सांगू नका हं." मात्र त्याच घरांतले लोक आजही हळहळतात की बापाला खांदा द्यायला माणसं नव्हती. दोन्ही खरं आहे. लग्नातली गर्दी नकोशी होती, मातीची हवी होती.

पहिलं कोणी बोललं की काय होतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ज्या बायका ते सगळं 'करायलाच लागतंय' म्हणून करत होत्या, त्यांना ते करताना काय वाटत होतं हे विचारायचं धाडस फार थोड्यांनी केलं होतं. परिपत्रक निघालं म्हणजे प्रथा संपली असं नाही, तेवढी मी भोळी नाही. पण नको म्हणणाऱ्या बाईच्या हातात आता दाखवायला कागद आहे.

आणि हजेरीला इथं किती वजन आहे हे जाणून ते वापरणारा राजा याच शहरात होऊन गेला. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. नुसतं अस्पृश्यता वाईट आहे असं सांगून भागणार नाही, कोण कुणाच्या दारात बसतो हे लोक बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या भावकीच्या यादीत गावातलं कुठलं घर नाहीच, तेही कधीतरी बघा.

शेवटी, समजून घेणं कुठं थांबवायचं. समोरच्याचं कळलं म्हणजे त्याचं ऐकायलाच पाहिजे असं नाही. मानपान, आहेर आणि जेवणावळीसाठी कोणी कर्ज काढायला लावत असेल तर त्याची बाजू ऐका आणि नाही म्हणा. लग्नात मुलीकडच्यांकडं मानपानाच्या नावाखाली सोनं, गाडी, रोख मागणं हा रिवाज नव्हे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे, मागणारा सख्खा काका असला तरी. आणि आला-गेला नाही, वर्गणी दिली नाही, आंतरजातीय लग्न केलं म्हणून कोणी घराशी व्यवहार तोडायला लावत असेल, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचं प्रकरण यातलं नाही, तुमच्याकडं फक्त एक रुसलेला बाप आहे. पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात तसं चाललं असेल तर पोलिस ठाण्यात तक्रार देता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.